आत्याचं डोकं, भाचीची परीक्षा

आत्याचा हिशोब सरळ होता. भाचीच्या पार्लर कोर्सच्या परीक्षेला केस कापायला डोकं द्यायचं आणि बदल्यात केसांची टोकं फुकटात सारखी करून घ्यायची. परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून ती आपली लांबसडक वेणी सोडत होती.

"दोनच बोटं काप हं. या वेणीवर माझ्या तिन्ही नणंदा जळतात."

"हो गं आत्या! आज पास व्हायलाच हवं. पार्लरवाल्या मॅडमनी नोकरी माझ्यासाठी राखून ठेवलीय."

"असे केस आणलेस, आता तुला नापास करायची कोणाची छाती आहे?"

इतक्यात परीक्षक बाई दारात आल्या.

"चला, आज सगळ्यांनी बॉयकट करायचाय."

"अगंबाई! कोणाचा?"

"तुमचाच, आजी."

"आजी कोणाला म्हणता? आणि मी उठून गेले तर?"

"तर हिने पुढच्या वर्षी परत यायचं."

"राहू दे आत्या. चल, घरी जाऊ."

"गप बस! माझे केस वाढतील. तुझं वर्ष परत येणार आहे का? चल आत."

आतून थोडा वेळ नुसती कात्री ऐकू आली.

"आत्या, डोळे मिटून घे."

"मी मिटते. तू मात्र उघडे ठेव, म्हणजे झालं!"

तासाभराने निकाल लागला. भाची पास झाली. कोर्सची फी तिच्या बापाने भरली होती. उरलेली आत्याने भरली, कमरेपासून मानेपर्यंत.