खरंच मदत हवी आहे का?

—नाही, तो कागद ठेव बाजूला, ओळ एकच आहे, पाठ होईल. पाणी घे आधी, कोरडा घसा माईकमध्ये लगेच कळतो. काय म्हणालीस—कशासाठी ही ओळ? बघ, तू पहिली विचारणारी. या ओळीचा आधीचा आवाज माझाच होता, आणि मी कुठे विचारलं—अगं हो, माझाच. मी कुठली आवाजाची कलाकार! गळ्यात घालायचं बटण असतं ना, एकटी राहणारी म्हातारी माणसं पडली-झडली की दाबतात आणि आमची माणसं धावतात—ते यंत्र कसं वागावं हे ठरवणारी मी. एकटी नाही हं, एआय होता सोबतीला. त्याला उद्दिष्ट द्यायचं: चुकून येणारे कॉल कमी करा. मग म्हाताऱ्यांच्या मुलाखती द्यायच्या. तो त्यातून गरजा शोधतो, गरजेखाली उपाय लावतो, उपायाखाली चाचणी—झाडच होतं, वरून खाली वाढणारं. सुरेख, खरंच. आम्ही महिनोन्‌महिने भांडून जे जुळवलं नसतं, ते त्याने चहा निवायच्या आत जुळवलं.

आणि खोटं काही नव्हतं त्यात. सगळ्या मुलाखतींत एकच पालुपद—आम्हाला कुणाला त्रास द्यायचा नाही. मग गरज काय? चुकून दाबलं तर माघार घेता यावी. उपाय काय? यंत्राने मायेने विचारावं, 'खरंच मदत हवी आहे का? हवी असेल तर पुन्हा दाबा.' चाचणी काय? कॉल कमी होतात का बघा. झाले ना! धडाधड. पडद्यावर फांदी हिरवी झाली, म्हणजे चाचणी पास, साहेबांनी पाठ थोपटली. पुन्हा न दाबणारे खरंच धडधाकट होते का—ते कुणी तपासलं नाही. उद्दिष्टात कुठे होतं ते?

चाचणीला घरं कमी पडत होती. म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला—आईच्याच गळ्यात घातलं. बाथरूममध्ये घसरली ती. दाबलं तिने, बरं का—दाबलं! यंत्र सगळं बोलणं साठवून ठेवतं, ते मी ऐकलंय. माझा आवाज विचारतो, खरंच मदत हवी आहे का—आणि ती कण्हत म्हणते, "तू आहेस होय? नाही गं बाई, तसं काही नाही. तू कामात असशील. उठते मी." नाही उठली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार फोडून घेतलं. त्या झाडावर ती अजून हिरव्या फांदीत आहे—टळलेला कॉल.

रडू नकोस, आवाज बसेल. साहेब म्हणाले, ताई, परका आवाज घेऊ, मग सगळ्या घरांत लावू. परक्या आवाजाला कोण म्हणेल, तू कामात असशील? पटलं मला. पटलं म्हणून तर तुला बोलावलं. म्हण बघू एकदा. माईक बंद आहे, नुसतं म्हण.

...

किती गोड आवाज गं तुझा. लेकीसारखा. कुणाच्याही लेकीसारखा. मी खेकसले असते ना आईवर, तर रागाने तरी पुन्हा दाबलं असतं तिने. ऊठ. ऊठ म्हणते ना! माझ्या सहीशिवाय हे कुठल्या घरात जात नाही, आणि सही मी करत नाही—माझ्या जागी येणारी करेल, तर करू दे. साहेबांनी विचारलं तर सांग, ताईंनी हाकललं. तुझी आई—नको, मला नको सांगूस. फोन कर तिला. बरी आहे म्हणाली तर विश्वास ठेवू नकोस. जा. दार ओढून घे.