आत्याच्या पुढच्या अंकाबाबत

(चित्रकथांच्या मासिकाच्या संपादकांची खोली. टेबलावर पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ, पालथं घातलेलं.)

संपादक : आत्या वारली. पान बावीस, खालची चौकट. मालकांनी चार दिवसांपूर्वी ठरवलं. बस ना, उभा का? आता असं धर की मी हे बोललोच नाही, आणि मोकळ्या मनाने सांग, पुढच्या अंकात आत्याचं काय करायचं म्हणतोस?

लेखक : जिवंत ठेवायचं म्हणतो.

संपादक : घाई करू नकोस. नीट विचार कर.

लेखक : केला. आपला नायक कडाका दमूनभागून घरी येतो. आत्या त्याचा फाटलेला झगा शिवत बसलेली असते. ती त्याला ओरडते, हातमोजे घातल्याशिवाय पिंपाला हात लावू नकोस, सगळं पाणी गोठवून ठेवतोस. तो हातमोजे घालतो आणि पाणी पितो. समाप्त.

संपादक : यात मारामारी कुठे आहे?

लेखक : पाणी पिऊन झालं की जाईल तो मारामारीला.

संपादक : हे बघ, आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. पात्र मारायचं तर ते लेखकानेच सुचवायचं, वरून आदेश नाही. मागे तो बोलका घोडा आम्ही परस्पर मारला, तर त्याचा लेखक खाली फाटकाशी येऊन बसला. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, घोडा बरा आहे, कालच भेटलो. शेवटी घोड्याला परत आणावं लागलं, आणि तोवर त्याला बोलता येतं हे सगळे विसरले होते. तेव्हापासून नियम झाला. म्हणून मी तुला काहीही सांगितलेलं नाही. सुचवणार तूच आहेस.

लेखक : आणि नाही सुचवलं तर?

संपादक : तर तुला सुचेपर्यंत आपण चहा पिऊ. मला आज दुसरं काम नाही.

चित्रकार : येऊ का आत?

संपादक : ये. हा अजून सुचवतोय.

चित्रकार : अजून? मग मी हे रंगवलेलं पान बाहेर ठेवून येऊ का?

लेखक : कुठलं पान?

चित्रकार : कुठलं नाही. असंच एक पान.

लेखक : बावीस?

चित्रकार : अरे, मला परवाच सांगितलं यांनी. म्हणाले, तू सुचवणारच आहेस, तर आधी काढून ठेव, मागाहून धावपळ नको. मला वाटलं तुमचं बोलणं झालंय.

संपादक : झालं नाही. होतंय.

लेखक : कशी काढलीस?

चित्रकार : खाटेवर आहे. डोळे मिटलेले. छान झालंय. म्हणजे... वाईट झालंय.

लेखक : आणि बोटं?

चित्रकार : पांघरुणात घातली.

लेखक : इतकी वर्षं झाली, बोटं काही तुला जमली नाहीत. तुझ्यासाठी मी कडाक्याला हातमोजे दिले, खलनायकाला हात मागे बांधून चालायची सवय लावली. आत्या मशीनवर बसते तीसुद्धा चौकटीत खांद्यापर्यंतच दिसते. गोष्टीत माझं म्हणून जे काही आहे, त्यातलं अर्धं तुझ्या बोटांमुळे आलंय.

संपादक : भांडू नका. ही पत्रं बघ आधी. हा गठ्ठा एका आठवड्याचा. सगळी गेल्या अंकातल्या त्या एका संवादाच्या फुग्याबद्दल. कडाका पुलावर उभा, त्या भामट्याला पायाला धरून उलटा लटकवलाय, आणि मारायचं सोडून त्याला म्हणतो, ‘आत्या आता बोलताना डोळे मिटते. डॉक्टर म्हणाले, दिवस फार नाहीत. तिला कळू देऊ नकोस.’ मालकांच्या सौभाग्यवती रडल्या. त्या आपलं कधी काही वाचत नाहीत. मालक म्हणाले, लेखक अखेर लिहायला लागला, आता माघार नाही. एकदा दिवस फार नाहीत म्हटलं की वाचक दिवस मोजतो.

लेखक : ते मी लिहिलं नव्हतं.

संपादक : मग कोणी लिहिलं?

लेखक : लिहिलं मीच, पण कडाक्यासाठी नाही, याच्यासाठी. आमचं ठरलेलं आहे. शाईत लिहिलं ते फुग्यात जायचं, पेन्सिलीने लिहिलं ते फक्त यानं वाचायचं. ढग कुठे, खिडकी कुठे, कोण कसा उभा. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहीत होतो. डॉक्टर नुकतेच बोलून गेले होते. पेन्सिल मोडली. नर्सकडून पेन घेतलं आणि याला त्या ओळी लिहिल्या, आत्याला या वेळी दमलेली काढावी म्हणून. आणि हा भेटायला आलाच, तर तिला कळू नये म्हणून.

संपादक : म्हणजे आत्या खरी आहे?

लेखक : नाहीतर काय? मला तिनेच वाढवलं. मशीन तिचं, ओरडणं तिचं, पिंपसुद्धा घरातलंच आहे. फक्त मी काही गोठवत नाही.

संपादक : मला कोणी बोललं नाही.

लेखक : तो अंक तुम्ही तपासला होता.

संपादक : मी फुगे मोजतो. पानाला आठच्या वर नकोत. ते भरले.

लेखक : आणि तू? कडाका जन्मात असा बोललाय का कधी?

चित्रकार : नाही.

लेखक : मग?

चित्रकार : मला वाटलं, तुझं लिखाण सुधारलं.

लेखक : अच्छा.

चित्रकार : अरे, खरंच सांगतो. वाचलं आणि म्हटलं, वा, आज पहिल्यांदा माणसासारखा बोलला हा. मग मी तो फुगा मुद्दाम जरा मोठा काढला. शाई दिसली, घातलं फुग्यात. मला काय स्वप्न पडणार होतं?

लेखक : त्याच्या पुढच्या फुग्यात भामटा काय म्हणतो, आठवतं?

चित्रकार : आठवतं.

लेखक : सांग यांना.

चित्रकार : ‘हा हा हा! आता तुझी सुटका नाही!’

लेखक : तो मात्र मी त्याच्यासाठीच लिहिला होता.

संपादक : झाली चूक, पण चांगली झाली ना? घरी आत्यांना हा अंक दाखवू नकोस म्हणजे झालं.

लेखक : घरी कुठे, ती हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. आणि अंक तिला मी दाखवत नाही, तीच मागवते. नर्सला पाठवते खाली. पहिल्या अंकापासून पहिली वाचक तीच. आधी स्वतःच्या चौकटी बघते, मग बाकीचं. गेल्या मंगळवारी गेलो तर अंक उशाशी होता, त्या पानावर उघडा. मी म्हटलं, वाचलास? म्हणाली, कडाका फार दमलेला दिसतोय, त्याला जरा झोपायला सांग. मग म्हणाली, तो उलटा लटकलेला माणूस कोण रे? त्याला म्हणावं, असं हसू नये.

चित्रकार : एवढंच?

लेखक : चष्मा पुसला. पुन्हा ते पान बघितलं. आणि विचारलं, पुढचा अंक कधी येतो?

संपादक : बघ! त्यांनासुद्धा उत्सुकता आहे. मी मघापासून दुसरं काय सांगतोय?

लेखक : तुम्हाला कळलं नाही. तिला डॉक्टर काही सांगत नाहीत, मी सांगत नाही. पुढे काय होणार ते ती आता आपल्या अंकात बघणार आहे. मला एक अंक हवाय, ज्यात ती झगा शिवते. बाविसाव्या पानावर, खालच्या चौकटीत. एक महिना पुढे ढकला. मग हवी तशी मारा, मी स्वतः लिहून देतो.

संपादक : महिन्याभरात पत्रं थांबतात. आणि मुखपृष्ठ छापून झालंय. हे बघ... उलट कर ते. रिकामी खुर्ची, शिवणाचं मशीन, त्यावर झगा. सुंदर आहे की नाही?

लेखक : सुई उलटी लावलीय.

चित्रकार : घाईत काढलं.

संपादक : मी तुझ्या बाजूचा माणूस आहे. मालकांना सांगून तुझ्यासाठी दोन कामं ठेवलीत. पाणीपुरवठा खात्याला नळाचं आत्मचरित्र हवंय, सोळा पानी, रंगीत.

लेखक : ते मीच लिहितोय. सहाव्या पानापर्यंत आलोय. नळ सध्या बालपणात आहे.

संपादक : आणि दातांच्या डॉक्टरांचं?

लेखक : तेही मीच. कीड मला बरी जमते. तिला निदान काहीतरी हवं असतं.

संपादक : मग तुझं ते स्वतःचं पुस्तक घेऊ. ज्यात आत्या दिवसभर शिवते, खिडकीतून बघते, आणि काहीच घडत नाही ते. चार वेळा परत पाठवलं मी, कबूल आहे. पण आता हवा वेगळी आहे. आत्या गेली की त्याला मागणी येईल.

लेखक : कुठली आत्या?

संपादक : तूर्त बाविसाव्या पानावरची.

चित्रकार : साहेब, मी पान बदलून देतो. आज बसतो, उद्यापर्यंत देतो. डोळे उघडे करतो, मशीनवर बसवतो.

संपादक : आणि खुर्ची? मुखपृष्ठावर खुर्ची रिकामी आहे, आत बाई बसलेली. वाचक विचारेल, ही उठली कधी आणि बसली कधी? नाही. विषय संपला. म्हणजे सुरूच झालेला नाही, कारण मी काही बोललेलोच नाही. तू सुचव, मी टिपून घेतो आणि मालकांकडे पाठवतो. नियमाप्रमाणे, तुझ्याच शब्दांत.

लेखक : माझ्याच शब्दांत?

संपादक : एक अक्षर बदलणार नाही.

लेखक : मग घ्या लिहून. शाईत घ्या.

संपादक : हं. सांग.

लेखक : माननीय मालकांच्या सेवेशी. विषय, आत्या. महोदय, आपल्या कार्यालयाने सदर व्यक्तीचा मृत्यू येत्या अंकात, पान बावीस, खालची चौकट येथे मंजूर केल्याचे, कोणीही न सांगता, समजले. सदर व्यक्तीकडे एक झगा शिवायचा बाकी असून काम अर्ध्यावर आहे. तरी सदर मृत्यूस पुढील आदेशापर्यंत स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती. एक प्रत चित्रकारांना, माहितीसाठी. एक प्रत हॉस्पिटल, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट, योग्य त्या कार्यवाहीसाठी.