राणीसाहेबांच्या गालावरचे सात वण

मंडळी, ऐका! मला एक सांगा — जो आपल्याला जीव लावतो, त्याच्यापासूनच आपण तोंड का लपवतो? नाही सुचत? मग ऐका!

कुसुमगडच्या राणी भागीरथीबाई. एकुलती लेक सगुणा, लग्न ठरलेलं, सासर पार दूर. लेक म्हणाली, "आईसाहेब, मला दागिने नकोत, तुमची तसबीर द्या!" आता आली का पंचाईत! राणी पडद्यातली. परक्या पुरुषानं तोंड पाहायचं नाही. मग चित्र काढायचं कसं? पत्रावरून!

मलबा चितारी म्हणून एक म्हातारा होता, जरा खडूसच. त्यानं लिहिलं, "आईसाहेब, चेहरा जसा आहे तसा कळवा. तीळ, वण, काही लपवू नका." राणीनं उत्तर धाडलं — "रंग केतकी, नाक सरळ, गाल नितळ."

नितळ! अहो, लहानपणी देवी आलेल्या! गालभर वण! पण बाईमाणूस, लिहिणार कशी? (हसू नका ताई, तुम्ही तरी लिहिलं असतंत का?)

चित्र आलं. अप्सराच! सगुणानं पाहिलं, उलटसुलट केलं. "छान आहे हो. पण कोण या बाई?"

"अगं, मी!"

"छे! ह्या गालावरचे वण चाचपत मी झोपायचे, ते कुठायत? मला नको ही तसबीर!" आणि पोर रडायलाच लागली. पाठवणी आठ दिवसांवर!

राणीला भडभडून आलं. ज्या वणांना ती खोट समजत होती, तेच लेकीचा विसावा! तशीच बसली लिहायला — "चितारी, खोटं लिहिलं. डाव्या गालावर सात वण, हनुवटीवर एक खोल."

मलबाचं उत्तर काय? "आईसाहेब, हे आधी लिहिलं असतंत तर म्हाताऱ्याचे पंधरा दिवस वाचले असते!"

पाठवणीच्या सकाळी दुसरी तसबीर आली. सगुणानं डाव्या गालावर बोट ठेवलं नि हसली. "ह्या माझ्या आईसाहेब!" छातीशी धरली आणि मेण्यात बसली. राणी रडत होती, पण मंडळी, तृप्त होती!

आणि आपण? देवापुढं उभं राहून काय सांगतो? इतकी दानं केली, इतके उपास केले! अरे बाबांनो, पांडुरंग काय परका आहे? माऊली म्हणता ना त्याला? मग शेजाऱ्याशी धरलेला अबोला सांगा, सुनेला दिलेली शिवी सांगा! सांगा — आणि बघा, तो तिथंच बोट ठेवून म्हणतो की नाही, "हा माझा!"