तुम्ही पाहिलं होतंत

(दुसऱ्या मजल्याहून खाली जाणारा जिना. बायको पायरीवर बसली आहे. नवरा हातात बॅग घेऊन दोन पायऱ्या खाली उभा आहे.)

ती : गाडीवाल्याला जायला सांगा.

तो : आत्ता म्हणालीस, दम लागलाय म्हणून बसते.

ती : दम लागलाय. आणि जायचंही नाही. दोन्ही.

तो : अगं, साडेदहाची वेळ दिलीय गळ्याच्या डॉक्टरांनी. दवाखान्यात नळी घातली होती तिथे श्वासनलिका आवळत चाललीय. पेनातल्या कांडीएवढी उरलीय म्हणाले. रुंद नाही केली तर एखाद्या साध्या सर्दीत...

ती : सर्दीत काय?

तो : तुझ्यासमोरच बोललेत ते.

ती : शिट्टी मलाही ऐकू येते. माझ्याच गळ्यात वाजते. तुमची झोप मोडते म्हणून नेताय ना?

तो : तेवढ्यासाठीच. नाहीतर मला काय पडलंय.

ती : मघाशी तुम्ही कुलूप लावत होतात तेव्हा वरच्या वहिनी गेल्या. म्हणाल्या, वाचलात, आता कसली काळजी. पाच महिने झाले मला वाचून. केस गेले. उजवा पाय अजून मुका. शिलाई मशीनचं पायडल दाबलंय की नाही, ते वाकून बघावं लागतं.

तो : येईल पाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या ना, वर्ष लागतं.

ती : आणि डोकं? त्या शाळेच्या पडद्यांना तुम्ही चौऱ्याऐंशी इंच लिहून आणलं होतं. मी अठ्ठेचाळीसने कापले. एखादा चुकला असता तर समजलं असतं. बारा पडदे. बारा वेळा टेप लावली, बारा वेळा तेच. अठ्ठावीस वर्षं पडदे शिवतेय मी.

तो : मी सांगितलं त्यांना, खिडकी अर्धी उघडी ठेवायची नवीन पद्धत आलीय.

ती : मग?

तो : मुख्याध्यापक म्हणाले, खालच्या अर्ध्यात तुम्ही उभे राहा.

ती : हसवू नका. खोकला आला की थांबत नाही.

तो : म्हणून म्हणतोय, आधी श्वास. मग पाय, मग डोकं. आजचं काम अर्ध्या तासाचं. मग दोन दिवस देखरेख.

ती : देखरेख कुठे?

तो : तिथे.

ती : तिथे म्हणजे कुठे ते तोंडाने बोला.

तो : अतिदक्षता विभागात. दोनच दिवस.

ती : वाटलंच मला. म्हणून काल विचारलं तेव्हा टॉवेल शोधत बसलात.

तो : तुला आधी सांगितलं असतं तर तू दारातून बाहेरच पडली नसतीस.

ती : आता तरी कुठे जिना उतरलेय? ती उंच नर्स आहे तिथे.

तो : असेल किंवा नसेल. त्यांच्या बदल्या होतात.

ती : तिथला दिवा कधी बंदच व्हायचा नाही. सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, काही कळायचं नाही. ती मात्र कळायची. टेप गळ्यात अडकवून यायची. मला डोक्यापासून अंगठ्यापर्यंत मोजायची. मग शेजारच्या बाईंना मोजलं. पुढच्या वेळी डोळे उघडले तर त्या बाई शिवलेल्या. पांढऱ्या कापडात. टाके बघितले मी. बारीक, सरळ, सगळे सारखे. माझे हात पलंगाला बांधलेले. तोंडात नळी. तुम्ही पाटी धरलीत, बांधल्या हाताने मी लिहिलं.

तो : आठवतंय. एका अक्षरावर दुसरं अक्षर.

ती : काय लिहिलं होतं?

तो : "आता माझी पाळी. तुम्हाला दिसतंय ना."

ती : आणि तुम्ही म्हणालात, हो, दिसतंय. मी बोलतो तिच्याशी.

तो : म्हणालो.

ती : ताई म्हणते, औषधाची गुंगी होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं पुष्कळांना, विसरून जा. मी दोघांना सांगितलं, यांना विचारा, यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि दर वेळी तुम्ही पाणी आणायला उठलात.

तो : आज बॅग आहे हातात. उठून जाणार कुठे?

ती : मग सांगा. बोललात तिच्याशी?

तो : बोललो. म्हटलं, ती तुम्हाला घाबरते. तिला वाईट वाटलं. तुझ्या बाजूने यायची ती नंतर, समोरून नाही, तू दचकू नयेस म्हणून. गळ्यात होतं ते छाती तपासायचं यंत्र. टेप एकदाच लावली होती, पहिल्या दिवशी. मशीनने हवा किती द्यायची ते उंचीवरून ठरवतात म्हणे.

ती : आणि त्या बाई?

तो : त्या गेल्या. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा बसला होता माझ्याशेजारी. त्यांना चादरीत गुंडाळलेलं तू पाहिलं असशील.

ती : शिवलेलं पाहिलं.

तो : शिवत कोणी नव्हतं.

ती : तुम्ही हो म्हणालात.

तो : तीन दिवस तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मशीनशी झगडत होतीस. डॉक्टर म्हणत होते, अशीच राहिली तर दमून जाईल. मी हो म्हटलं तशी शांत झालीस. डोळे मिटलेस. मग दुसऱ्या दिवशीही हो म्हटलं.

ती : तुम्हाला काहीच दिसलं नाही?

तो : नाही.

ती : एकदाही?

तो : एकदाही नाही. घरी आल्यावर सांगणार होतो. तू ताईंना सांगायला लागलीस, विचारा यांना म्हणून. मग मला सांगता येईना.

ती : म्हणजे तिथे मी एकटीच होते.

तो : मी होतो ना जवळ.

ती : तुम्ही पाटी धरून होतात. तिथे नव्हतात.

तो : खाली हॉर्न वाजवतोय तो.

ती : वाजवू दे. अजूनही ते टाके दिसतात मला. कापड हातात घेतलं की दिसतात. वाटतं, वेड लागलं आपल्याला. मग मनाशी म्हणायचे, वेड लागायचं तर एकाला लागेल, दोघांना एकदम कसं लागेल. तेवढ्यावर काढलेत पाच महिने.

तो : चुकलं माझं.

ती : हात द्या.

तो : वर जायचं?

ती : खाली. त्या बाजूने नाही, हा पाय वळतो. श्वास तर घ्यायलाच हवा ना.

तो : सावकाश. घाई नाही.

ती : थांबा. एक ऐका. या वेळी मला काही दिसलं, तर हो म्हणायचं नाही.

तो : नाही म्हणणार.

ती : मला दिसत नाही, असं सरळ सांगायचं. मी रागावले तरी. आणि माझ्याजवळून हलायचं नाही. मागच्यासारखं दिवसभर तिथेच बसायचं.

तो : अगं, मागच्या वेळीही मला आत पाच ते सव्वापाचच सोडायचे.