पोकलेनची चावी आणि दगड झालेली झाडे

मी, वय ६१ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार करवत गिरणीच्या मागे, तळमजला. सगळे मला मिस्त्री म्हणतात. आज बुधवारी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून पुरवणी जबाब देतो की,

काल याच ठाण्यात दिलेल्या जबाबात, पोकलेनची चावी मी चालकाच्या हातून हिसकावून घेतली, असे मी सांगितले होते. ते खरे नाही. तसे का सांगितले ते पुढे येईल.

टेकडी कापून नवा रस्ता चालला आहे. तेथील रस्त्याखालच्या मोरीचे सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, माझ्याकडे आहे. त्याच कामावर पोकलेनचा चालक म्हणून माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, वय ५४ वर्षे. चार महिने आम्ही एकाच साईटवर आहोत. आमचे बोलणे सहा वर्षांपासून बंद आहे. कारण घरगुती आहे. हवालदारांनी पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, वडिलांनी दारात लावलेले झाड भावाने खोली वाढवताना मशिनने पाडले. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो. झाड त्याच्या हद्दीत होते, हे मला मान्य आहे.

काल सकाळी सव्वादहाच्या सुमारास टेकूखाली द्यायला चपटा दगड हवा होता, म्हणून मी टेकडीच्या बाजूला गेलो. पोकलेनच्या ब्रेकरने फोडलेल्या ढिगातून एक तुकडा उचलला. त्यावर गाठ होती. फांदी फुटते तिथे लाकडाच्या रेषा वळसा घालून जातात, तसाच वळसा होता. पंचेचाळीस वर्षे मी हेच बघत आलो आहे. पिशवीतली लाकूड तासायची पटाशी लावून पाहिली. पटाशीची धार गेली, तुकड्यावर ओरखडासुद्धा आला नाही. वर पाहिले तर टेकडीच्या कापलेल्या भिंतीत खोडे आडवी पडलेली दिसली. एक मुळांसकट उभे होते. साल स्पष्ट होती. मी अकरा मोजली. बाराव्यावर ब्रेकर चालू होता.

मी मशिनच्या पुढे जाऊन उभा राहिलो. भावाने इंजिन बंद केले. आमच्यात बोलणे झाले ते असे.

"दादा, मरायचंय का? बाजूला हो."

"हे लाकूड आहे."

"दगड आहे. सकाळपासून ब्रेकरच्या दोन छिन्न्या खाल्ल्यात त्याने."

"खाली उतर आणि बघ. मग मला वेड्यात काढ."

तो उतरला. त्याने सालीवरून हात फिरवला. मग हातमोजा काढून पुन्हा फिरवला. आम्ही दोघेही सुताराच्या घरात वाढलो आहोत, त्यामुळे त्याला आणखी काही सांगावे लागले नाही.

तेवढ्यात साईट सुपरवायझर आले. बारा वाजेपर्यंत सगळा माल खडीच्या क्रशरला गेला पाहिजे, मशिन चालू कर, असे ते म्हणाले. भाऊ केबिनमध्ये चढला. तो मशिन चालू करणार असे मला वाटले. त्याने चावी काढली, खाली आला आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुझ्याकडे ठेव. माझ्यावर ओरडतील, तुझ्यावर ओरडायची कोणाची टाप नाही." मी चावी खिशात ठेवली. ही खरी हकीकत आहे.

सुपरवायझरनी तक्रारीत, मी लोखंडी हत्यार उगारले, असे लिहून दिले आहे. माझ्या हातात गुण्या होता. गुण्याने काटकोन तपासतात. मी त्याने फक्त खोडे दाखवली. गुण्या ठाण्यात जमा आहे, तो लवकर मिळावा. कामाचा खोळंबा होतो.

नंतर मी कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंना फोन केला. त्यांच्या खडकांच्या नमुन्यांची कपाटे मी केली आहेत. खण लहान झाले म्हणून त्या अजून मला ऐकवतात. त्या पाऊण वाजता स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काढायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही, तशाच भिंतीपाशी गुडघ्यांवर बसल्या. खोडाच्या सालीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मिस्त्री, हे अख्खं जंगल आहे." त्यांनी सांगितले की, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, ही झाडे ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली. पाण्यातून दगडाचा अंश कणाकणाने लाकडात शिरला. लाकूड गेले, आकार राहिला.

मी त्यांना एका खोडाचा फुटलेला काप दाखवला. त्या झाडाची मोठी फांदी कधीतरी मोडली होती. जखमेवर झाडाने दोन्ही बाजूंनी लाकूड चढवून ती बुजवली होती. त्यापुढे मी वर्षाला एक अशा चढणाऱ्या कड्या मोजल्या, एकोणीस भरल्या. म्हणजे इतके होऊनही झाड एकोणीस वर्षे वाढत होते. बाईंच्या ते लक्षात आले नव्हते. त्यांनी माझे शब्द वहीत उतरवून घेतले. भाऊ मागे उभा होता. त्याने स्वतः पुन्हा मोजल्या. एकोणीसच भरल्या.

दुपारी सुपरवायझरनी सगळ्यांदेखत भावाला, उद्यापासून येऊ नकोस, असे सांगितले. त्याला मशिनशिवाय दुसरे काम येत नाही. म्हणून ठाण्यात आल्यावर, चावी मी हिसकावली, असे मी सांगितले. शेजारच्या खोलीत भावाने सांगितले की, त्यानेच ती मला न कळता माझ्या पिशवीत टाकली. ठाण्याच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "चावी एक आणि चोर दोन. कोणाला धरू?" चावी मी जमा केली आहे.

बाईंनी कालच कळवल्यावरून आज सकाळी बांधकाम खात्याचे पत्र आले. टेकडीच्या त्या भागातले काम थांबवले असून रस्ता खालच्या अंगाने वळवता येतो का, याची मोजणी होणार आहे. खोडांवरची माती काढायला हलक्या हाताचा चालक हवा, असे बाईंनी खात्याला कळवले आणि भावाचे नाव दिले. उद्यापासून तो त्या कामावर आहे. खोडांखाली लाकडी टेकू देण्याचे काम मला सांगितले आहे. सुपरवायझरनी तक्रार अजून मागे घेतलेली नाही. त्याबद्दल जे होईल ते होवो. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब चालू असताना भावाने दारातून डोकावून, "दादा, उरकलं असेल तर चल. वहिनी आपल्या दोघांची ताटं वाढून बसलीय," असे सांगितले. हे लिहू नका, असे मी म्हणालो. साहेबांनी लिहिले. वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्या शेवटच्या वाक्यासकट.