दोन कंपन्यांचे रूळ

लातूर जिल्हा झाला त्याच साली दुष्काळ पडला. टँकरच्या रांगेत लताबाईंच्या पुढे दोन म्हातारे होते.

“धोंड्या, खेळण्यातली आगगाडी अंगणात मांडली. पण तुझ्या-माझ्या रुळांची कंपनी वेगळी. इंजिन जोडावरच पडतंय.”

“माधवा, खाली पोस्टकार्ड घाल की. शाळेत असताना घालत होतो.”

“घातलं.”

“दोन घाल. तुझे रूळ पहिल्यापासून बुटके हायेत.”

“तूच ये. उद्या नांदेडला लेकाकडं चाललो, कायमचा. एकदा आख्खा फेरा बघू दोघं.”

“आत्ता? टँकर आला बघ.”

“मग ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे कसं? चल, उजेड हाय तोवर.”

दोघे निघाले. रांग सरकली, तशा लताबाईंनी त्यांच्या घागरीही पुढे सरकवल्या.