हेलविगबाईंना आलेला फोन

(आखातातल्या वादी अदाई भागातला फ्लॅट, दुपार. वसुंधरा खुर्चीवर, खांद्यावर जुना टॉवेल. सफूरा तिच्या केसांना डाय लावते आहे आणि टेबलावरचा कागद मधूनमधून वाचते आहे. ती वाचते तेव्हा ‘भाषण’ बोलतं.)

वसुंधरा : आणि माझं नाव कुठे येतं?

सफूरा : दुसऱ्या पानावर. आधी ती जर्मन बाई. प्रिन्सिपल म्हणाले, गुरुवारी तुमच्या सेंड-ऑफला रडारड नको, काहीतरी प्रेरणादायी घ्या. स्टेजवर इंग्रजीत वाचणार आहे. तुम्हाला मराठीत सांगते, म्हणजे चुका काढाल.

वसुंधरा : काढते. कानामागे लाव, तिथे जास्त पांढरे आहेत.

भाषण : डॉ. गर्ट्रूड हेलविग या जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ. म्हातारपण हा आजार नाही, हे सिद्ध करण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं, आणि

वसुंधरा : थांब. साठ झाली म्हणून मला काढताय, आणि त्याच स्टेजवरून हे वाचणार?

सफूरा : काढत नाहीत हो, वसुताई. रिटायर.

वसुंधरा : म्हातारी म्हणून घालवायची, फोटोत मात्र तरुण दिसायला हवी. यावर हेलविगबाईंनी काही सिद्ध केलंय का?

सफूरा : मान हलवू नका.

भाषण : तीच ती म्हातारी माणसं त्या वर्षानुवर्षं तपासत राहिल्या. त्यातून त्यांचा मोठा शोध पुढे आला. वृद्धांचं भलं कशात आहे हे इतरांनी ठरवू नये. त्यांनाच विचारावं.

वसुंधरा : हा शोध?

सफूरा : अख्खी संस्था उभी राहिली त्यावर.

वसुंधरा : आमच्याकडे नवी सून पहिल्याच दिवशी विचारते, आई, चहात साखर किती. तिला कुणी संस्था काढून दिली नाही.

भाषण : एकसष्टाव्या वर्षी त्यांना थेट चॅन्सलरांचा फोन आला, आणि डॉ. हेलविग वर्गातून उठून जर्मनीच्या मंत्रिमंडळात गेल्या.

वसुंधरा : एकसष्ट. माझ्याहून मोठी. मग?

भाषण : मंत्रिपदाच्या काळात त्यांनी अनेक आव्हानांना तोंड दिलं.

वसुंधरा : म्हणजे आपटली. खरं काय झालं ते सांग.

सफूरा : पक्षातले लोक म्हणायचे, बाई मंत्रालयात बोलत नाहीत, वर्ग घेतात. पुढच्या निवडणुकीनंतर त्यांच्या जागी दुसरीला घेतलं. तरुण होती म्हणे.

वसुंधरा : म्हातारपणाच्या मंत्रीणबाई म्हाताऱ्या निघाल्या. शाल-नारळ दिला का?

सफूरा : त्या परत शिकवायला गेल्या, वसुताई. ऐंशी ओलांडली तरी लेक्चर देत होत्या.

वसुंधरा : जाऊ दिलं म्हणून. मी कुठे जाऊ? शाळा खलास की व्हिसा खलास. पुण्यात अजिंक्यने बाल्कनीत झोपाळा लावलाय, रोज त्याचा फोटो पाठवतो. म्हणतो, आई, आता नुसता आराम. मी काय कुंडी आहे, बाल्कनीत टांगायला?

सफूरा : मुलगा चांगला आहे हो.

वसुंधरा : चांगला आहे. म्हणून तर विचारत नाही. ते फोनचं वाक्य पुन्हा वाच.

भाषण : एकसष्टाव्या वर्षी त्यांना थेट चॅन्सलरांचा फोन आला

वसुंधरा : बस. तो आला नसता तर राहिली असती म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत. सफूरा, फिजिक्सच्या सरांना गेल्या वर्षी एक्स्टेन्शन मिळालं. ते कसं मिळतं गं?

सफूरा : सुपरवायझरने शिफारस करायची असते.

वसुंधरा : सुपरवायझर कोण?

सफूरा : मीच. प्रिन्सिपलनी विचारलं होतं मला. मी म्हटलं, मॅडम थकल्यात. तासावरून आल्या की स्टाफरूममध्ये डोळे मिटून बसतात. आता सुखाने घरी जाऊ द्या त्यांना. अल्ला कसम, तुमच्या भल्यासाठीच म्हटलं.

वसुंधरा : डोळे मिटून मी पुढच्या तासाची गणितं सोडवते. दुसऱ्या पानावर काय लिहिलंयस?

सफूरा : राहू द्या ना.

वसुंधरा : वाच.

भाषण : वसुंधरा मॅडम, खूप केलंत. आता फक्त आराम

वसुंधरा : झोपाळा राहिला त्यात. तोही घाल.

सफूरा : वसुताई.

वसुंधरा : कपाळावर ओघळ येतोय.

सफूरा : पुसते. वसुताई, तुम्हाला काय हवंय?

वसुंधरा : सातवी ब. भूमितीत कच्ची आहेत पोरं. त्यांना आठवीत नेऊन सोडेन, मग टांगा मला कुठेही.

सफूरा : मॅनेजमेंटची मीटिंग उद्या सकाळी आहे. पण प्रिन्सिपल आता जेवून आडवे झाले असतील. आणि मीच नाही म्हटलंय, आता कुठल्या तोंडाने

वसुंधरा : फोन तुझ्या पर्समध्ये आहे. डाव्या हाताने लाव, उजव्याला डाय लागलाय.